थोरल्या जावयाचा पत्ता

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, माझ्या धाकट्या मेहुणीच्या लग्नात जी एकेचाळीस नको असलेली माणसं पोटभर जेवून गेली, ती माझ्यामुळे. इतकी वर्षं मी हा दोष कॉम्प्युटरवर ढकलत आलो. (तो बिचारा उलटून बोलत नाही. माझ्या सासरच्या मंडळींत हा गुण फक्त त्याच्यातच होता!)

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी खापरखेड्याला राहायचो आणि एका कचेरीत रेकॉर्ड कारकून होतो. फायलींचा माणूस! कोणती फाईल कोणत्या कपाटात, कोणत्या खणात, कोणाच्या खाली दबलेली आहे, हे मी डोळे मिटून सांगायचो. आणि अशा माझ्या नशिबी प्रकाश नावाचा साडभाऊ आला. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, पाठच्या बहिणीचा नवरा. वयाने माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आणि त्याने सीताबर्डीवर चक्क कॉम्प्युटर सेंटर उघडलं!

एक खोली, एक कॉम्प्युटर, एक एसी. चपला बाहेर काढून आत जायचं. माझ्या सासूबाईंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, आणि नंतर प्रकाशला ओवाळलं. मला लग्नानंतर एकदाच ओवाळलं होतं, तेव्हाही निरांजनात तेल कमी होतं!

एसीच्या त्या गारव्यात मला घाम फुटला.

धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं तेव्हा सासरे, म्हणजे आमचे बाबा, म्हणाले, "घरातलं शेवटचं लगन आहे. निमंत्रणाचं काम कॉम्प्युटरवर होऊन जाऊ द्या. प्रकाशराव पाहतील."

"बाबा, निमंत्रणं तर दरवेळी मी लिहितो!" मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणून राहिलो," बाबा म्हणाले. मग मला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाले, "असं करा, दोघंही मिळून करा. ज्याचं काम चोख, तो फेटा बांधून दारात वरातीले सामोरा जाईल."

फेटा! आमच्या सासरी हा मान थोरल्या जावयाचा. मागच्या लग्नात तो मीच बांधला होता. (त्या लग्नात नवरदेव स्वतः प्रकाशच होता, म्हणून. नाहीतर तोही त्यानेच पळवला असता!) त्या दिवसापासून मला जेवताना ताटात फेटा दिसू लागला.

मी गुपचूप सीताबर्डीवरच दुसऱ्या एका क्लासला नाव घातलं. दर रविवारी खापरखेड्याहून बसने यायचो. सुमनला सांगायचो, ऑफिसचं काम आहे.

"रविवारी काहून गा तुमचं ऑफिस उघडून राहिलं?" तिने विचारलंही.

"फायलींना रविवार नसतो," मी म्हणालो.

क्लासमध्ये मला बॅच फाईल नावाची चीज सापडली. कॉम्प्युटरला एकेक हुकूम देत बसायचं नाही. सगळे हुकूम एका फाईलीत ओळीने लिहून ठेवायचे आणि त्या फाईलीचं नाव टाइप करायचं, की तो वरून खाली पाळत सुटतो. अडला तर अडला, एखादा हुकूम जमला नाही तर तक्रार करतो आणि खुशाल पुढच्या ओळीला लागतो. अगदी आमच्या ऑफिससारखा! मला तो फार आवडला.

मग एक दिवस मी प्रकाशच्या सेंटरवर गेलो. त्याने मोठ्या कौतुकाने पडद्यावर सगळी मांडणी दाखवली. "हे पाहा भाऊ, हे म्हणजे सगळ्यात वरचं. त्याच्या आत 'प्रकाश' नावाची डिरेक्टरी. कपाट समजा. त्यात बाबांच्या तीन याद्या. आणि 'प्रकाश'च्या आत तुमच्यासाठी हे 'वसंत' करून ठेवलं. तुमच्याकडच्या पाहुण्यांची यादी त्यात आहे."

"कोणाच्या आत?"

"प्रकाशच्या."

मी थोरला जावई! आणि माझं कपाट त्याच्या कपाटाच्या पोटात? माझ्या फाईलीचा पूर्ण पत्ता लिहायचा तर आधी प्रकाश, मग तिरपी रेघ, मग मी! मला चहासुद्धा कडू लागला.

पुढच्या रविवारी क्लासमध्ये बसून मी माझी बॅच फाईल लिहिली. चारच ओळी. पहिली, 'वसंत'मध्ये जा. दुसरी, तिथलं सगळं उचलून सगळ्यात वरच्या 'थोरले' या डिरेक्टरीत नक्कल कर. तिसरी, जिथे उभा आहेस तिथलं सगळं पुसून टाक. पुसताना कॉम्प्युटर विचारतो, नक्की का? म्हणून त्याच ओळीत मी 'हो' हे उत्तरही आधीच भरून ठेवलं. त्यानेच विचारायचं, त्यानेच हो म्हणायचं! चौथ्या ओळीत 'काम फत्ते' ही अक्षरं पडद्यावर उमटवायची होती.

फक्त दोन बारीक गोष्टी झाल्या. एक, पहिल्या ओळीत 'वसंत'चा पत्ता मी थेट वरून लिहिला. मध्ये प्रकाशचं नाव? माझ्या पत्त्यात? माझ्या हाताने? शक्यच नव्हतं! आणि दोन, 'थोरले' नावाची डिरेक्टरी आधी तयार करावी लागते, हे मी विसरलो. घर न बांधताच सामान पाठवलं.

फ्लॉपी खिशात घालून मी प्रकाशच्या सेंटरवर आलो. प्रकाश म्हणाला, "भाऊ, जरा बसा, मी पानवाल्याकडून आलोच." पडद्यावर त्याचीच डिरेक्टरी उघडी होती. मी फ्लॉपी घातली आणि हुकूम सोडला.

कॉम्प्युटरने थेट वर 'वसंत' शोधला. तो तिथे नव्हताच. त्याने एका ओळीत तक्रार केली आणि होता तिथेच, म्हणजे प्रकाशच्या डिरेक्टरीत, उभा राहिला. मग दुसरी ओळ. तिथल्या तिन्ही याद्या उचलल्या. ठेवायला 'थोरले' डिरेक्टरी नाही, म्हणून 'थोरले' नावाची एक फाईल केली आणि तिन्ही याद्या एकीच्या शेपटीला एक अशा तिच्यात कोंबल्या. मग तिसरी ओळ. विचारलं, नक्की? स्वतःच म्हणाला, हो! आणि प्रकाशचं कपाट झाडून साफ.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त शेवटचं पाहिलं. 'एक फाईल कॉपी झाली. काम फत्ते.' माझी एकच तर फाईल होती! मी विजयी मुद्रेने फ्लॉपी काढली.

दोन दिवसांनी पत्ते छापायचे म्हणून बाबा सेंटरवर आले, मीही गेलो. प्रकाशने डिरेक्टरी उघडली आणि पांढराफटक पडला.

"बाबा, याद्या नाहीत!"

"नाहीत म्हणजे? तीन दिवस बसून सांगितल्या मी तुमाले!"

मी दाराबाहेरच्या माझ्या चपलांकडे पाहिलं. पण तेवढ्यात मला सगळ्यात वर 'थोरले' दिसली. उघडून पाहतो तर नावंच नावं! एका क्षणात भीती गेली आणि मोह आला.

"बाबा, घाबरू नका," मी घसा साफ केला. "याद्या मी सुरक्षित जागी हलवून ठेवल्या होत्या. थोरल्या माणसाने काळजी घ्यावी लागते."

बाबांनी मला मिठी मारली. प्रकाशकडे पाहून म्हणाले, "शिका काही!" (आयुष्यात मला इतकं गार कधी वाटलं नाही. एसीचा यात काही संबंध नव्हता.)

फेटा पक्का झाला. मी खुर्चीत रेलून छपाईचा हुकूम सोडला आणि प्रिंटर करकरत राहिला. पत्त्यांच्या चिकटपट्ट्या इंग्रजी अक्षरांत होत्या. मी वाचल्या नाहीत, साहेब वाचत नसतात. सासूबाई आणि मेहुणीच्या मैत्रिणींनी त्या न वाचताच भराभर पाकिटांवर चिकटवल्या आणि पाकिटं टपालपेटीत टाकली.

लग्नाच्या दिवशी मी गुलाबी फेटा बांधून दारात उभा. समोरून पहिले कोण आले? गुलाबराव! प्रकाशच्या लग्नात यांनी माईक धरून अठरा मंगलाष्टकं म्हटली होती, मुहूर्त टळला होता. बाबांनी शपथ घेतली होती, पुन्हा बोलावणार नाही!

गुलाबरावांनी पाकीट माझ्या नाकासमोर धरलं. "हे काय हाय जी?"

मी वाचलं. 'गुलाबराव. माईकपासून दूर ठेवा.'

मागून वच्छीआत्या. त्यांच्या पाकिटावर, 'वरणात खोट काढते, टाळा.' त्यांच्या मागे नामदेवकाका, मग आणखी, मग आणखी. बाबांची पहिली यादी 'बोलवा', दुसरी 'रुसणारे', तिसरी 'टाळा', आणि प्रत्येक नावापुढे पत्ता आणि बाबांनी मनमोकळेपणाने सांगितलेलं कारण! सगळी निमंत्रणं गेली होती, कारणासकट.

बाबा धावत आले. "हे छापलं कोनं?"

प्रकाशने फक्त माझ्या फेट्याकडे पाहिलं.

तेवढ्यात सुमनने पदराआडून एक पाकीट माझ्या हातात दिलं. "अहो, हे आपल्याही घरी आलं होतं. तुम्ही रुसाल म्हणून आठ दिवस दाबून ठेवलं मी. वाटलं, एकट्या तुमच्यावरच असं लिहिलं असंल."

पाकिटावर होतं, 'रुसणारे, क्रमांक दोन. वसंतराव, थोरले जावई. दुसऱ्याचं चांगलं झालं की यांचं पोट दुखतं. आधी यांना हार घालावा.'

"आणि... क्रमांक एक कोण?" मी विचारलं.

प्रकाश ओशाळून म्हणाला, "मी. चहा गार मिळाला की मी रुसतो म्हणे."

समोर गुलाबराव माईक शोधत होते, वच्छीआत्या वरणाच्या दिशेने निघाल्या होत्या, वरातीचा बँड वळणावर आला होता. माफी मागायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती. मी तोंड उघडलं, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडलो,

"बाबा! थोरला मी, अन् रुसण्यातबी पहिला नंबर त्याचा काहून?"