डोंगराच्या पाठीकडची खिडकी

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, उभ्या आयुष्यात त्या थीम पार्कमध्ये एकदाही गेले नव्हते, आणि तरी पार्कात काय चाललंय हे विचारायला लोक त्यांच्याकडे यायचे. बस चालवायचे ते. पार्कच्या मोठ्या दारावरून दिवसातून कितीतरी फेऱ्या व्हायच्या. "पोरं उतरायची नि पळत सुटायची. मी दार लावून पुढे," असं सांगायचे. आत जावं असं काही सुचलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

मग अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, थोडीफार परत आली, तेवढीच. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या, रोज खाली उतरा, चाला. भाऊजी दवाखान्यातून तिसऱ्या मजल्यावर आले ते थेट खिडकीशी जाऊन बसले, आणि पुन्हा खाली म्हणून उतरले नाहीत. लिफ्ट होती, काठी होती, ताई होती. पण कोपऱ्यावर बसस्टॉपही होता, आणि तिथले सगळे ड्रायव्हर त्यांना ओळखायचे. पाय ओढत चाललेलं त्यांनी आपल्याला बघावं, हे त्यांना सोसणार नव्हतं. तसं ते कधी बोलले नाहीत. "खिडकीतून सगळं दिसतंय की. खाली काय ठेवलंय?" एवढंच.

ताईचं मागणं ते किती! या माणसाने एकदा आपल्याबरोबर दाराबाहेर पडावं, कोपऱ्यापर्यंत का होईना. संध्याकाळी ती चपला घालून दाराशी उभी राहायची. मग चपला काढून पुन्हा कपाटात ठेवायची. मी त्याच घरात राहते, बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपते. मला हे रोज दिसायचं आणि रोज माझं डोकं तापायचं.

खिडकीसमोर पार्कची मागची भिंत आहे. तिच्या पलीकडे जुनं वाहनतळ होतं, कधी भरलेलं न पाहिलेलं. एके सकाळी तिथे माती उकरायला सुरुवात झाली, आणि रस्त्याच्या बाजूने ठोकलेल्या पत्र्यांवर मोठं चित्र आलं. निळं पाणी, गलबत, डोंगराच्या कुशीत एक जुनं बंदर. 'लवकरच येत आहे.' भाऊजींनी चष्मा पुसला आणि खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढायला लावली.

दोन क्रेन आल्या. उंच होती तिचं नाव भाऊजींनी 'थोरली' ठेवलं, बुटकी होती तिचं 'धाकटी'. मी म्हटलं, का हो? तर म्हणाले, "थोरली गुपचूप सगळं उचलते. धाकटी उचलते कमी, कुरकुरते जास्त." त्या दिवशी मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. त्यांनी मुकाट प्यायला.

अशा खुळ्यांची जगात अख्खी जमात आहे हे आम्हाला कुठे माहीत होतं! एका दुपारी खाली रस्त्यावर एक दाढीवाला माणूस लांब काठीला कॅमेरा बांधून पत्र्यांवरून आत बघायची खटपट करत होता. भाऊजींनी वरून हाक मारली, "अरे, तिथून तुला काय कपाळ दिसणार? वर ये." तो आला. मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. खिडकीशी उभा राहिला आणि हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "काका, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही कुठे बसलाय."

त्याने पुढच्या खेपेला एका नर्सबाईंना आणलं. या लोकांचा फोनवर गट होता. कुठला खड्डा खणला, कुठला खांब उभा राहिला, याची ते खबर ठेवायचे, एकमेकांना कळवायचे, आणि ते काय असेल यावर भांडायचे. त्यांचा एक नेम होता. रोज सकाळी एक फोटो, त्याच जागेवरून, त्याच कोनातून, म्हणजे कालचा आणि आजचा शेजारी ठेवला की काय वाढलं ते कळतं. ते काम भाऊजींकडे आलं. खिडकीच्या चौकटीवर कोपर कुठे टेकायचं तिथे त्या दाढीवाल्याने, म्हणजे आमच्या 'दाढी'ने, खूण करून दिली. गटात भाऊजींचं नाव पडलं 'खिडकीकाका'. कुठली कुठली माणसं त्यांना सुप्रभात म्हणायला लागली.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," मी ताईला म्हटलं.

"लावू दे गं," ती म्हणाली. "निदान सकाळी उठून दाढी तरी करतात."

आणि खरं सांगू, हळूहळू ते सगळं आमच्याही अंगात भिनलं. आधी नुसत्या सळया वर आल्या, मग सळयांवर जाळी, आणि एके दिवशी धुकं निवळलं तर जाळीचा डोंगर झालेला. त्यावर पाइपने सिमेंट उडवलं. दोरांना लटकलेली माणसं ओल्या सिमेंटवर थापीने भेगा पाडत होती, हजारो वर्षांच्या जुन्या भेगा, आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत तशाच अर्धवट सोडून खाली उतरत होती. कोऱ्या भिंतींवर रंगारी स्पंज फिरवायचे आणि भिंती म्हाताऱ्या व्हायच्या. गलबत आलं ते डोलकाठीशिवाय, ट्रकवर निजून. समुद्र अजून कोरडा होता, आणि समुद्राच्या तळाशी माणसं डबे उघडून जेवत बसलेली असायची.

भाऊजी ते बघता बघता पेंगायचे. डोळे मिटलेले, आणि म्हणायचे, "आज बंदरात वारा आहे." ताई भाजी निवडता निवडता "हो का?" म्हणायची. त्यांनी घरसुद्धा निवडून ठेवलं होतं, धक्क्याजवळचं, पिवळं, दाराला दोन पायऱ्या असलेलं. "तिथे बसलं की अख्खं बंदर समोर," म्हणायचे. "तू शेजारी बस. धाकटीला गलबतावर धाडू." मी दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. पेशंट तोंड उघडून आत गेला की मी हळूच घरी फोन लावायचे, "समुद्रात पाणी सोडलं का हो?" डॉक्टर माझ्याकडे बघत राहायचे.

मग आमच्या बाजूला, भिंतीला अगदी लागून, एक लोखंडी सांगाडा उभा राहायला लागला. अरुंद आणि उंच. पत्र्यांवरच्या चित्रात तो नव्हता, त्यामुळे गटाला ऊत आला. नर्सबाई म्हणाल्या, दीपगृह. कोणी म्हणालं, मोठी लाट असणार. दाढी म्हणाला, धबधबा, मी लिहून देतो. भाऊजींनी धबधब्याची बाजू घेतली. "बसल्या जागी तुषार येतील अंगावर," ताईला सांगून झालं, मला सांगून झालं, पेपरवाल्यालाही सांगून झालं. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या सगळ्यांनी हाकल्या. सांगाडा पहिल्या मजल्याला आला, दुसऱ्याला आला. पाण्याचा पाइप काही आला नाही.

तो रविवार होता. दाढी चहाला आलेला. ताईने खिडकीबाहेरच्या दोरीवर कपडे वाळत घातले आणि भाऊजींनी रोजच्यासारखं कोपर खुणेवर टेकलं. फोन डोळ्यासमोर धरला. आणि तसाच खाली ठेवला.

"बसच्या मागे चिकटून येणाऱ्यांना मी एकच सांगायचो," ते म्हणाले. "तुला माझा आरसा दिसत नसेल तर तूही मला दिसत नाहीस. दिसत असेल, तर मलाही तू दिसतोस."

"बरं मग?" मी म्हटलं.

"मला बंदर दिसतं. म्हणजे बंदरातून मी दिसतो." त्यांनी दोरीकडे बोट केलं. "ही बनियन दिसते. लोक तिकीट काढून कुठल्या दूरच्या देशात, कुठल्या जुन्या काळात जाणार, आणि डोंगराच्या डोक्यावर माझी बनियन वाळत असणार. कोण चालवून घेईल? तो धबधबा नाही. ते आपल्याला झाकतायत."

दाढीने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. "असंच करतात, काका," तो म्हणाला. "आत उभं राहिलं की बाहेरचं काही दिसू द्यायचं नाही. हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पण आम्ही सगळे इथूनच बघत होतो ना." एवढी मोठी माणसं, एवढा कीस काढला, पण तिकडून इकडे कसं दिसत असेल हे एकाच्याही मनात आलं नव्हतं.

ताईने दोरीवरचे ओले कपडे काढायला घेतले. "मी आत वाळत घालत जाईन," ती म्हणाली. "आजपासून आतच."

सांगाड्यावर पत्रे चढले. 'दुरून डोंगर साजरे' म्हणतात, आमच्या वाट्याला जवळून डोंगराची पाठ आली. करडे पत्रे, लोखंडी आडवे बार, त्यांवर खडूने लिहिलेले आकडे. खोलीत भरदिवसा दिवा लावावा लागायचा. काही दिवस भाऊजींनी नेम मोडला नाही. कोपर खुणेवर, कोन तोच, आणि फोटोत नुसता करडा पत्रा. गटातली माणसं गुणी, रोज त्यालाही छान म्हणायची. मग एक दिवस त्यांनी फोन उचललाच नाही. त्यानंतर दाढी करणं सुटलं. जेवायला उठवावं लागायचं. रात्री ताईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मी मोबाईलच्या दुकानात जाऊन दाढीला नाही नाही ते बोलून आले. "नाद लावलात, आता निस्तरा," म्हटलं. बिचाऱ्याने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

उद्घाटनाच्या आधी थोड्या लोकांना आत सोडून बघतात, तसे पास निघाले. दाढी आणि नर्सबाईंनी कुठून कुठून वशिला लावून आमच्या तिघांसाठी मिळवले. भाऊजींनी पासाकडे बघितलंही नाही. "काय आहे तिथे ते मला माहीत आहे," म्हणाले. "कुठला खांब कुठे, ते पाठ आहे."

ताई कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. कपाटातून चपला काढल्या, घातल्या, दाराशी उभी राहिली. "मी जाते," म्हणाली. "तुमच्या त्या पिवळ्या घराच्या पायरीवर बसते. आल्यावर सांगेन कसं वाटतं ते." आणि गेली. दार लागलं. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला.

भाऊजी सवयीने खिडकीकडे वळले. ताई बाजारात जायची तेव्हा ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते तिला बघत राहायचे, हे मला ठाऊक होतं. त्यांनी कोपऱ्याच्या दिशेने मान लांब केली. पत्रा. उजवीकडे झुकले. पत्रा.

"कुठवर गेली असेल?" त्यांनी मला विचारलं.

"मला काय ठाऊक?" मी म्हटलं. माझा राग तोंडाशी आलाच होता. "तुम्हाला खिडकीतून सगळं दिसतं ना?"

गालावरची वाढलेली दाढी चोळत बसले. मग म्हणाले, "धाकटे, माझे बूट कुठे आहेत?"

बूट पलंगाखाली होते, धुळीने माखलेले. पुसून मी त्यांच्या पायात घातले, डावा घालायला वेळ लागला. खाली आलो तर ताई इमारतीच्या दारातच उभी होती, तिथून पुढे गेलीच नव्हती. तिने काठीकडे बघितलं, बुटांकडे बघितलं, आणि फक्त "चला" म्हणाली. स्टॉपवर एक बस थांबलेली होती. ड्रायव्हरने भाऊजींना ओळखलं आणि हात वर केला. भाऊजींनी काठी ताईकडे दिली आणि आपला चांगला हात वर केला.

आत समुद्रात पाणी होतं. गलबताला डोलकाठी लागली होती, कुठेतरी घंटा वाजत होती, आणि आम्ही ज्यांना सळया असताना पाहिलं होतं ते कडे आता शेवाळलेले होते. दाढी नि नर्सबाई पुढे पुढे पळत होते. भाऊजींनी कशाकडे लक्ष दिलं नाही. पाय ओढत, थांबत, सरळ पिवळ्या घरापाशी आले, पायरीवर टेकले, ताईला शेजारी बसवलं, आणि आमची खिडकी असायला हवी तिथे वर बघायला लागले.

तिथे आभाळ होतं. फिकं निळं, खाली किंचित धुरकट, मधे एक मोठा पांढरा ढग. रंगवलेलं कुठे संपतं आणि खरं कुठे सुरू होतं ते मला तरी सांगता आलं नाही. ते डोळे बारीक करून खूप वेळ शोधत राहिले.

"बेमालूम झालंय," ते शेवटी म्हणाले. मग ताईकडे झुकून हळूच विचारलं, "त्या ढगामागे कोण राहतं गं?"

ताईने त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला घेतली होती. गाठ मारून झाल्यावर तिने वर पाहिलं.

"राहायचा एक जण," ती म्हणाली. "उतरला खाली."