कंबरेत लाथ

“अहो साहेब, ते मी गमतीनं बोललो होतो! आधी पुसून टाका ते.”

“माझ्या हातात नाही, मिस्त्री. सगळ्यांनी ‘उपयोगी’ म्हणून बटण दाबलंय. तुम्हीसुद्धा.”

शीतगृहात अमोनियाच्या यंत्रापाशी मिस्त्रीची हयात गेली, पण जीभ कधी आवरली नाही. कंपनीनं जुन्या माणसांच्या डोक्यातलं काढून टॅबलेटमध्ये भरायला घेतलं, तेव्हा ते टिपून घ्यायला आलेल्या एका पोरीनं विचारलं होतं, “यंत्र ठकठक करू लागलं तर?”

“कंबरेत लाथ घालायची, गप बसतं!” म्हणून हा खदाखदा हसला. मग खरंही सांगितलं: यंत्र बंद करायचं आणि पळत सुटायचं. पण टॅबलेटनं पहिलं तेवढं उचललं आणि चांगले कपडे चढवून उभं केलं: ‘ठकठक आवाज आल्यास यंत्राच्या मध्यभागी जोरात आघात करावा. यंत्र चालू ठेवावे.’ रोज एक सल्ला उघडून ‘उपयोगी’ दाबल्याशिवाय हजेरी लागत नसे. वाचतंय कोण?

दुसऱ्या पाळीला त्याचा जावई होता. मिस्त्रीनंच शब्द टाकून चिकटवलेला.

“मामा, काल ठकठकलं होतं,” पाळी बदलताना जावई म्हणाला. “पाना हाणला दोनदा. थांबलं की!”

“जावईबापू, ते माझंच बोलणं आहे. चेष्टेतलं. फुटलं तर वायूनं जागच्या जागी गुदमराल.”

“तुमचं? तिथं ‘तज्ज्ञांचा सल्ला’ लिहिलंय. बंद केलं आणि माल नासला, तर माझी नोकरी जाईल. तुमची नाही.”

तेवढ्यात यंत्र ठकठकलं. जावयानं पाना उचलला. मिस्त्रीनं त्याला खांद्यानं बाजूला ढकललं आणि लाल बटण दाबलं. जावई त्याच्याकडे बघतच राहिला, परक्या माणसाकडे बघावं तसा.

सकाळी साहेबानं बोलावलं. “सल्ला मोडून यंत्र बंद केलंत. आज पाळी संपली की बाहेर पडायचं. संध्याकाळनंतर तुमच्या कार्डानं दार उघडणार नाही.”

“आणि त्याच्या पाळीत पुन्हा ठकठकलं तर?”

“टॅबलेट आहे ना.”

मिस्त्री यंत्रघरात आला. पुन्हा चालू केलेलं यंत्र एका सुरात घुमत होतं, जणू काही झालंच नव्हतं. त्यानं खिशातली चिंधी काढली, यंत्रावरची तेलाची काच पुसली आणि तेल किती उतरलंय ते बघायला वाकला.