उर्दूत लिहिलेलं मराठी भाषण

नात भाषण पाठ करत घरभर फिरते. तिच्या मुठीतला घामेजलेला कागद दिसला, की मला माझा कागद आठवतो.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तशी आमची उर्दू शाळा मराठी झाली होती. मराठी घरी बोलायचो, पण लिहिणं जमत नव्हतं. म्हणून स्पर्धेचं मराठी भाषण मी उर्दू अक्षरांत लिहून पाठ केलं. समोरच्यांच्या डोळ्यांत बघून बोला, हे गुरुजींनी घोटून घेतलं होतं. तरी मधेच अडलो आणि मुठीतला कागद उघडला. पुढं नव्या सरकारचे साहेब बसलेले. त्या दिवसांत उर्दू अक्षरं दिसली, की माणसांच्या नजरा संशयानं फिरायच्या.

"कागद बघून बोलतो व्हय रे? आण इकडं!" गुरुजी गरजले.

मी कागद दिला. त्यांची नजर उजवीकडून डावीकडं सरकली. कागद घडी होऊन खिशात गेला.

"म्हण पुढं," ते हळूच म्हणाले, "गावची विहीर सगळ्यांची."

मी बोललो, टाळ्याही पडल्या. तरी चारचौघांत कागद हिसकावला, याचा राग मी कैक वर्षं धरला. आता आठवतो तो फक्त गुरुजींचा हात, साहेब उठून जाईपर्यंत खिशावर दाबून धरलेला.