नाकाच्या टोकापासून

वहिनींचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या... मागचे हॉर्न वाजवत राहिले. माझ्या मित्राला, सुहासला, ना व्यसन ना आजार, बसल्या जागी हृदय थांबलं. याला काही अर्थ आहे का? महिना उलटला, मला तरी सापडलेला नाही. समाचाराला आलेल्या एकाने विचारलं, "गेम खेळायचे ना ते?"

आम्ही दोघं कॉम्प्युटरवर उडवायची विमानं बनवायचो, निव्वळ हौसेखातर. नौपाड्यात माझ्या घरी मी विमानाचा आकार घडवायचा, डोंबिवलीत सुहासने त्याचं उडणं आकड्यांत बसवायचं आणि रविवारी त्याच्या खोलीत दोन्ही जोडायचं. यात मेख अशी, की पंख, चाकं, इंजिन, सगळ्यांची अंतरं विमानावरच्या एकाच बिंदूपासून मोजावी लागतात. पहिल्या विमानाच्या वेळी तो बिंदू ठरवायचाच राहिला. मी वजनाच्या मध्यापासून मोजलं, त्याने नाकाच्या टोकापासून. जोडलं तर चाकं धावपट्टीत गाडलेली, आणि विमान निघालं तसंच जमीन कापत! "अरे, नांगरणीला काढलंयस काय!" म्हणत सुहास हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. मी वाद घातला, पण तो हटेना. "इंधन जळालं की वजनाचा मध्य सरकतो रे. सरकत्या जागेवरून कसलं मोजतोस? नाक कुठे पळून जात नाही." तेव्हापासून नाकच. तरी दर विमानात काहीतरी चुकायचंच. कधी शेपूट पुढे, कधी एक चाक हवेत... आणि आम्ही हसून बेजार.

शेवटचं विमान जोडायचं राहिलं होतं. ते उडालं तर सुहासचं काहीतरी हाती राहील, या वेड्या आशेने परवाच्या रविवारी वहिनींना विचारून मी त्याच्या खोलीत बसलो. त्याचे आकडे नाकापासून, माझा आकारही नाकापासून. विमान चाकांवर नीट उभं राहिलं, धावलं, उडालं. पहिल्या फटक्यात, काही न चुकता. आणि हाती काहीच राहिलं नाही. इतकं भकास मला स्मशानातही वाटलं नव्हतं.

वहिनी हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी आमचं विमान कधी पाहिलं नव्हतं, स्वयंपाकघरात आमचा आवाज तेवढा जायचा. बराच वेळ बघून म्हणाल्या, "छान उडतंय की हो. मग तुम्ही दोघं एवढं हसायचात कशाला?"

पडद्यावर विमान सरळ चाललं होतं, आणि खोलीत कुणी हसत नव्हतं.