मुद्दाम चुकणाऱ्या बाई

शिशुवर्गाच्या बाईंनी जन्मभर पगार घेतला तो चुका करण्याचा. इतर शिक्षिका फळ्यावर बरोबर ते लिहून मुलांकडून घोकून घ्यायच्या. या बाई मात्र दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून वर्गात शिरायच्या आणि गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "मुलांनो, मांजर अंडी घालतं." की वर्ग पेटलाच! "नाही बाई, नाही!"

"नाही? कशावरून?"

या 'कशावरून'पाशी भल्याभल्यांची बोबडी वळायची. कोणी म्हणायचं, "कारण मला माहितीये." बाई म्हणायच्या, "मलाही माहितीये. मला अंडी माहितीयेत. आता कुणाचं खरं?" मग एखादं नाक ओढणारं पोर बराच वेळ छताकडे बघून म्हणायचं, "आमच्या जिन्याखाली मांजरीला पिल्लं झाली. तिथे टरफलं नव्हती." तेवढं ऐकलं की बाईंना दिवसभर भूक लागायची नाही.

एकदा एका मुलाचे वडील मुख्याध्यापिकेकडे तणतणत आले. बाई खोटं शिकवतात म्हणे. "मग मुलाला ते खोटं वाटलं की खरं?" बाईंनी विचारलं. "खोटंच वाटलं! काल घरी येऊन मलाच विचारत होता, पृथ्वी गोल आहे हे कशावरून. जेवू दिलं नाही!" बाई हसू दाबत म्हणाल्या, "मग काय सांगितलंत?" वडील मुख्याध्यापिकेकडे वळले. मुख्याध्यापिकेने बाईंना चार गोष्टी सुनावल्या. बाईंनी त्या या कानाने ऐकल्या आणि त्या कानाने सोडून दिल्या.

या कामात एक वाईट होतं, आणि ते बाईंना कोणी आधी सांगितलं नव्हतं. विचार करायला शिकलेलं मूल पुढच्या वर्गात जातं. तिथून आणखी पुढे जातं. रस्त्यात मिशा फुटलेले, कडेवर स्वतःची मुलं घेतलेले विद्यार्थी शेजारून निघून जायचे. पाच वर्षांचं असताना कोणी शिकवलं हे कुणाला आठवतं? बाईंना ते सगळे आठवायचे आणि हाक मारायला जीभ उचलायची नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. भाऊ होता तोवर घरात भांडण तरी होतं. तो गेला आणि तेही गेलं. एकट्या माणसाच्या घरात कोणी चुकतच नाही, कारण चुकलंस म्हणायला दुसरं माणूस लागतं. निवृत्तीनंतर बाई कधीकधी भिंतीवरच्या घड्याळाला मोठ्याने चुकीची वेळ सांगायच्या. घड्याळ टिकटिक करत राहायचं.

म्हणून वरच्या मजल्यावरची मुलगी दुपारी त्यांच्याकडे येऊ लागली तेव्हा बाईंना लॉटरी लागल्यासारखं झालं. तिची आई कचेरीतून संध्याकाळी यायची. शाळा सुटल्यापासून तोवर मुलगी बाईंकडे. वाद घालण्यात पटाईत, म्हणून बाई तिला वकीलसाहेब म्हणायच्या.

"झाडं हलतात म्हणून वारा येतो," वकीलसाहेबांनी एकदा खिडकीतून बघून जाहीर केलं.

"असेल बुवा," बाई म्हणाल्या. "झाडं जोरात हलली की जास्त वारा."

आपलं म्हणणं इतक्या सहज मान्य झालेलं पाहून मुलीला संशय आला. ती खिडकीपाशीच बसून राहिली. बाईंनी भाजी निवडली, कपडे घड्या करून ठेवले, आणि एक अक्षर सांगितलं नाही. ते गप्प राहणं फार कठीण असतं. विचारा कुठल्याही शिक्षकाला. शेवटी मुलगी म्हणाली, "बाई, दोरीवरची चादर पण हलतेय. चादरीला तर कोणी हलवत नाहीये. म्हणजे झाडालाही..." आणि वाक्य अर्धं टाकून ती तोंड उघडं ठेवून बघत राहिली. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि कांद्याला दोष दिला. कांदा निवडलेल्या भाजीत नव्हताच, हे मुलीने लगेच दाखवून दिलं.

मग बाई खऱ्याच चुकायला लागल्या.

आधी चहात मीठ पडलं. मग साबण आणायला गेलेल्या बाई दुकानदारासमोर उभ्या राहिल्या आणि कशासाठी आलो ते काही केल्या आठवेना. दुकानदाराने स्टूल दिलं, पाणी दिलं. एका दुपारी मुलीला खाऊ देऊन झाला होता, तरी बाईंनी पुन्हा ताटली मांडली. मुलगी खिदळली, "बाई, मुद्दाम ना?"

"मग! पकडलंस की नाही?" बाई म्हणाल्या.

मुलांशी त्या नाही नाही ते बोलल्या होत्या, पण फसवण्यासाठी खोटं हे पहिलंच. कारण साधं होतं. आईच्या कानावर गेलं तर कुठली आई अशा म्हातारीच्या भरवशावर लेकरू ठेवील? बाईंनी स्वतःही ठेवलं नसतं. आणि मुलगी यायची थांबली की ते घड्याळ आणि त्या. बाईंना फार भीती वाटायची. म्हणून त्या जास्तच मुद्दाम चुकू लागल्या, म्हणजे खऱ्या चुका त्या गर्दीत लपतील.

त्या दिवशी मुलगी चित्र रंगवत होती आणि बाई शेजारी बसून हत्ती हिरवा असतो असा वाद घालत होत्या. जळका वास मुलीला आधी आला. दोघी स्वयंपाकघरात धावल्या. दुधाचं भांडं काळंठिक्कर पडलं होतं आणि ओट्याजवळचा पडदा कडेने धुमसत होता. बाईंनी गॅस बंद केला, पडद्यावर पाणी ओतलं. मग त्या भांड्याकडे बघतच राहिल्या. दूध कधी ठेवलं? आपण ठेवलं?

"काय मग वकीलसाहेब," त्यांनी कसंबसं हसून म्हटलं, "पकडली की नाही चूक?"

मुलगी हसली नाही. "ही मुद्दाम नव्हती."

"कशावरून?"

"मुद्दाम चुकता तेव्हा तुम्ही आधी माझ्याकडे बघता. मला कळलं का ते बघायला. आत्ता तुम्ही भांड्याकडेच बघत होतात." ती थांबली, ओठ चावत विचार करू लागली. बाईंनी घाई केली नाही. तेवढी सवय अजून शाबूत होती. "आणि तुमचे हात थरथरतायत. आपण स्वतःच मुद्दाम केलं तर आपल्याला भीती कशाला वाटेल? आणि बाई, ती दुसरी ताटली. तीपण मुद्दाम नव्हती."

बाई ओट्याला टेकल्या. इतक्या वर्षांत, इतक्या मुलांत, असं उत्तर त्यांना कोणी दिलं नव्हतं. पाहिलेलं, पडताळलेलं, आणि मागच्या गोष्टीलाही लावून बघितलेलं! छाती अभिमानाने भरून आली आणि त्याच छातीत धस्स झालं. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ज्याला या उत्तराचं कौतुक वाटेल असं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे मुलीची आई.

संध्याकाळी आई दारात आली. पडदा काढून टाकला होता, भांडं घासायच्या ढिगात खाली दडवता आलं असतं. मुलगी चुगली करणारी नव्हती. तिने बाईंकडे नुसतं पाहिलं.

"अगं, बस जरा," बाई म्हणाल्या. "तुझ्या लेकीने आज काय सांगितलं ते ऐक." आणि त्यांनी सगळं सांगितलं, मुलीच्याच शब्दांत, एकही पायरी न गाळता. हात कसे थरथरत होते तेही.

आईचा चेहरा आधी फुलला. "काय गं, एवढं कळतं तुला?" मग हळूहळू तिला बाकीचं कळलं. ती स्वयंपाकघरात डोकावून आली.

"बाई, तुम्ही डॉक्टरांकडे चला माझ्याबरोबर. मी रजा काढते," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि हिचं... हिचं मी दुपारचं बघते काहीतरी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"छे गं. बरोबरच आहे तुझं," बाई म्हणाल्या. वाईट तर इतकं वाटत होतं की दप्तराचा पट्टा मुलीच्या खांद्यावर चढवताना त्यांना तो दिसेना.

जिन्यात मुलगी आईचा हात सोडून थांबली. "पण बाई, मी आले नाही, तर तुमची चूक खरी आहे हे तुम्हाला कोण सांगणार?"

बाईंना उत्तर ठाऊक होतं: कोणीच नाही. एखादं चुकीचं उत्तर द्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांकडे बघते आहे हे पाहून त्यांनी आधी मान खाली घातली आणि मग त्या म्हणाल्या, "घड्याळ सांगेल की."