स्वस्त काडतुसांची परीक्षा

मंडळी, आज सकाळी रेंजवर स्वस्तातली काडतुसं तपासली. महागडी आता परवडत नाहीत. ही माझ्या रायफलला मानवली नसती, तर यंदाची स्पर्धा सोडावी लागली असती.

आडवी होऊन पाच गोळ्या झाडल्या. छिद्रं लक्ष्याच्या कार्डभर विखुरली. दुसऱ्या डबीचंही तेच. वैतागून आवरायला लागले.

शेजारी सराव करणारे पाटीलकाका हसले. "ताई, गोळीला काय धाड भरलीया? दर गोळीला तुम्हीच उठून, कुठं लागली ते दुर्बिणीत बघताय की! अंग हललं, मग गोळी एका जागी कशी लागंल?"

खरं होतं. इतकी वर्षं दुर्बिणीशी माझी मैत्रीण सुमन बसायची, मी फक्त गोळ्या झाडायचे. आता ती मुलाकडे बंगळूरला असते.

मग मध्ये एकदाही दुर्बिणीत न बघता पाच झाडल्या. पाचही छिद्रं रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ! "जमलं!" मी मोठ्यानं म्हणाले. काका तोवर निघून गेले होते.

स्पर्धेला जाणार आहे. रविवारी सकाळी सरावाला माझ्या दुर्बिणीशी बसायला कुणी येईल का? नेमबाजी यायलाच हवी असं नाही. पाच गोळ्या होईपर्यंत गप्प बसता आलं म्हणजे झालं.