लॉनवरच्या फांद्या

बोरगावच्या उन्हात दोन एकर लॉन कशाला हवं, ते त्या बंगल्याच्या मालकालाच ठाऊक. शाळेतून परतताना मी फाटकाशी थांबायचो ते गवत कापायची गाडी चालवणाऱ्यासाठी. कानाला दुपट्टा गुंडाळलेला, कुठल्याही प्रश्नाला आधी "हौ जी", मग उत्तर. गाडी सुतासारखी सरळ न्यायचा, पण दर अठरा-वीस फुटांवर मान खाली घालायचा. वर तर नुसतं आभाळ.

मला हसू यायचं. एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, मान कायले वाकवता?"

"हौ जी. संत्र्याची बाग होती न इथं. वीस वर्सं ट्रॅक्टर चालवला म्या तिच्यात. फांदी डोयात जाते."

"पण झाडं कुठं हायेत आता?"

त्यानं गाडी बंद केली.

"मीच तोडली जी. मालकानं सांगतलं होतं."

मी विचारायला नको होतं. पुढच्या आठवड्यात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ मानेनं गेला, तसाच परत आला. मी शेवटच्या फेरीपर्यंत फाटकाशी उभा होतो. एकाही जागी फांदी आडवी आली नाही.